उंदीर जागा असताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते : माझ्या प्रयोगातले उंदीर प्रयोगाच्या वेळी जागे असतात, फिरतात, खातात, आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं बोलणं, म्हणजे तिचे विजेचे संकेत, आम्ही मेंदूत बसवलेल्या बारीक तारेतून स्पीकरवर ऐकत असतो. त्या वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी आधीच्या सहा महिन्यांत मिळून आली नव्हती. त्यांतली पाच इथे घेते आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत आपण सगळ्यांना उंदीरच म्हणतो, पण प्रयोगशाळेत हे दोन निराळे प्राणी आहेत. २५-३० ग्रॅमचा, चिमटीत मावेल असा तो माऊस, आणि ३००-३५० ग्रॅमचा, तळहातातून शेपूट खाली लोंबणारा तो रॅट. माझी वीस वर्षं रॅटच्या संगतीत गेली. दिवसभर तोंडात हेच शब्द असतात, म्हणून इथेही तेच वापरते.

प्रश्न : मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बेडूक आधी क्लोरोफॉर्मने गुंगवायचा आणि मग टेबलावर घ्यायचा, हेच आमचं शिक्षण. हलत्या प्राण्यावर मोजमाप घ्यायचं म्हणजे चुका वाढणार. गुंगीतला शांत मेंदू अभ्यासाला सोपा नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, सोपा आहेच, आणि मेंदूविज्ञानाची कितीतरी वर्षं त्या सोपेपणाच्या आधारानेच पुढे गेली. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन व्हिझेल यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते मुख्यतः गुंगीतल्या मांजरांवरच्या कामासाठी. मांजराच्या डोळ्यांसमोर तिरपी रेघ सरकवायची आणि दृष्टीच्या केंद्रातली कुठली पेशी तडतडते ते ऐकायचं. त्या कामाचं मोल मी कमी करणार नाही. आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना मी तेच शिकवते.

पण हेच ह्युबेल त्याआधी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संस्थेत असताना निराळ्या वाटेने चालले होते. १९५७ मध्ये त्यांनी टंगस्टनच्या तारेला विजेच्या मदतीने सुईहून बारीक टोक काढलं, वर लॅकरचा थर दिला, आणि मोकळ्या, जाग्या मांजराच्या मेंदूतून एकेका पेशीचे संकेत टिपले. १९५९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या श्रवणकेंद्रातल्या काही विलक्षण पेशींबद्दल लिहिलं. नुसता आवाज केला तर या पेशी ढिम्म. मांजराने कान टवकारून त्या आवाजाकडे लक्ष दिलं, की लगेच बोलू लागायच्या. आवाज तोच, कान तोच. बदललं होतं ते मांजराचं लक्ष. सर, गुंगीतल्या मांजरात या पेशी तुम्हाला-मला चक्क बहिऱ्या वाटल्या असत्या.

पुढच्या दशकात अमेरिकेतच बेथेस्डाला एडवर्ड एव्हार्ट्‌स यांनी माकडांना दिवा लागला की हात हलवायला शिकवलं आणि हालचालीच्या केंद्रातल्या पेशी स्नायू आखडण्याआधीच बोलायला लागतात हे मोजून दाखवलं. गुंगीतलं माकड हातच हलवणार नाही, मग मोजायचं काय?

चुका वाढतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ज्याला आपण चूक म्हणून पुसून टाकत होतो, त्यातच कधी कधी उत्तर असतं. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस्तोफर नील आणि मायकल स्ट्रायकर यांनी माऊसचं डोकं स्थिर धरून त्याला हवेवर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या गोळ्यावर पळू दिलं. डोळ्यांसमोरचं चित्र तेच ठेवलं. माऊस उभा असताना दृष्टीच्या पेशी जेवढा प्रतिसाद देत होत्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रतिसाद तो पळताना द्यायला लागल्या. पाय पळताहेत आणि डोळ्यांचं केंद्र त्याने बदलतंय! २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी यापुढे जाऊन दाखवलं की माऊसची चुळबुळ, मिशांची थरथर, तोंडाची हालचाल यांचे ठसे मेंदूभर उमटलेले असतात. ज्या हालचाली आपण विक्षेप समजत होतो, त्या मेंदूच्या कामाचाच मोठा भाग निघाल्या.

आणि माझ्या स्वतःच्या विषयाचं, म्हणजे मेंदूला जागा कशी कळते याचं, तर गुंगीत अस्तित्वच नाही. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रॉव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या रॅटच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागातल्या ७६ पेशी ऐकल्या. त्यांतल्या ८ पेशी अशा होत्या की रॅट विशिष्ट जागी, विशिष्ट दिशेला तोंड करून असला की बोलायच्या. एवढ्याशा आकड्यावरून ‘मेंदूत नकाशा असतो’ असं म्हणणं अनेकांना धाडसाचं वाटलं. २०१४ चं नोबेल ओकीफ यांना मिळालं, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह.

मी अशी पेशी पहिल्यांदा ऐकली ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी. मीटरभर लांबी-रुंदीची काळी पेटी, भोवती काळे पडदे, एका भिंतीला पांढरा पुठ्ठा. पडद्यामागे अंधारात मी बसलेले. रॅट पेटीत हिंडतोय आणि स्पीकरवर नुसती खरखर. तो पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला पोचला आणि एकदम तड-तड-तड-तड, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं. तो पुढे गेला, पुन्हा शांतता. मला वाटलं, तार हलली असणार. मिनिटभराने तो फिरून त्याच जागी आला आणि पुन्हा लाह्या. त्या संध्याकाळी तो त्या जागी किती वेळा गेला ते मी पेन्सिलीने रेघा मारून मोजलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. सर, ‘मी इथे आहे’ हे एका जीवाचं आतलं गणित मी कानांनी ऐकत होते. गुंगीतला रॅट कुठेच जात नाही. त्याच्याकडे ‘इथे’ नसतं.

प्रश्न : आमच्याकडं खोंड औताला धरायचा म्हणजे आधी महिनाभर नुसता अंगावरनं हात फिरवायचा, मग मोकळं जू मानेवर ठेवायचं, मग कुठं औत. घाई केली की खोंड बुजतो तो कायमचा. तुम्ही उंदराच्या डोक्यावर यंत्र बांधून त्याला कामाला कसं लावता? त्याला तर बोललेलं कळत नाही.
— एक शेतकरी, ता. कागल

उत्तर : दादा, माझं अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आलं. आमचे विद्यार्थी लॅबमध्ये येतात ते सर्किट आणि सॉफ्टवेअर शिकायला, आणि पहिला महिना मी त्यांना तुमचं खोंडाचं काम देते.

नवा रॅट आला की पहिला आठवडा प्रयोगाचं नावही काढायचं नाही. रोज त्याच वेळी जायचं. पिंजऱ्याचं झाकण काढून हात आत ठेवून बसायचं. तो येऊन हुंगेल, मागे पळेल, पुन्हा येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटाखाली आधार देऊन उचलायचं आणि मांडीवर जुना टॉवेल पसरून त्यावर ठेवायचं. हे सगळं लाल दिव्याच्या मंद उजेडात, कारण रॅट निशाचर. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये दिवस-रात्र उलटी लावलेली असते : बाहेर दुपारचे बारा वाजलेले असतात आणि आत मध्यरात्र. म्हणजे आपण जागे असतो तेव्हा तोही ताजातवाना असतो. मांडीवर आल्यावर तो स्वतःचं तोंड पुसायला लागला, पंजे चाटायला लागला, की समजायचं, भीती गेली. भ्यालेला रॅट तोंड धूत बसत नाही. तो कोपऱ्यात दगडासारखा थिजतो आणि लेंड्या टाकतो.

मग खाण्याचा सौदा. पोट भरलेला रॅट झोपतो, म्हणून त्याचं खाणं थोडं आवरतं ठेवतात. पोटभर खाताना जे वजन असतं त्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली उतरू द्यायचं नाही, असा सर्वसाधारण दंडक. रोज वजन, रोज नोंद. माझे रॅट कशावर खूश आहेत म्हणाल तर चुरमुऱ्यावर. वितळवलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून वाळवलेला एकेक चुरमुरा. हलका असतो, पोट भरत नाही, आणि पेटीत कुठेही टाकला की तो शोधत फिरतो. त्याने पेटीचा कोपरान् कोपरा धुंडाळावा हेच तर आम्हाला हवं असतं. मेंदूत तारा बसवायची सर्जरी यानंतर होते. मग आठवडाभर विश्रांती. मग डोक्याला वायर, आणि वायरचं ओझं त्याच्या मानेवर पडू नये म्हणून ती वरून कप्पीवर तोलून धरलेली. तुमच्या मोकळ्या जुवासारखं पहिल्या दिवशी वायर नुसती लावायची, पाच मिनिटांनी काढायची, काही मोजायचं नाही.

मी घाई केल्याची एक गोष्ट सांगते. हरतालिकेच्या दिवशी घरची पूजा आटोपून मी तशीच मोगऱ्याचा गजरा माळून लॅबमध्ये गेले. महिनाभर माझ्या मांडीवर बसणारा रॅट त्या दिवशी पेटीत सोडल्याबरोबर कोपऱ्यात जाऊन बसला तो चाळीस मिनिटं हललाच नाही. रेकॉर्डिंग चालू होतं, पेशी उत्तम दिसत होत्या, आणि त्यातलं एक मिनिटही उपयोगाचं नव्हतं. त्याच्या लेखी मी कुणी परकीच बाई आले होते. गजरा काढून, हात धुऊन दुसऱ्या दिवशी गेले तरी त्याचा विश्वास परत यायला पाच दिवस लागले.

हा अनुभव फक्त माझा नाही. २०१४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात दिसलं की पुरुष संशोधक जवळ असला तर माऊस आणि रॅट यांच्यावर ताण येतो, आणि त्या ताणाने त्यांची वेदनेची जाणीव बोथट होते. पुरुषाने घातलेला नुसता टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच. म्हणजे वेदनेवरच्या प्रयोगाचं उत्तर खोलीत कोण उभं आहे यावर हलत होतं! त्याआधी २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी माऊसला उचलायच्या पद्धतीवरच काम केलं. शेपटीला धरून उचललेले माऊस माणसाच्या हातापासून दूर पळायचे, अस्वस्थ राहायचे. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले माऊस आपणहून जवळ यायचे. जगभर वर्षानुवर्षं शेपटीला धरूनच उचलत होते. किती प्रयोगांत भीती मोजली गेली आणि नाव दुसरंच दिलं गेलं, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि ज्याचा माझ्यावर सर्वांत खोल परिणाम झाला तो प्रयोग बर्लिनचा. २०१६ मध्ये शिंपेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्ट यांनी रॅटला गुदगुल्या केल्या. रॅट आनंदात असला की सुमारे ५० किलोहर्ट्‌झच्या बारीक चिवचिवाटाने बोलतो. आपल्या कानांना २० च्या वरचं ऐकू येत नाही म्हणून खास मायक्रोफोन लागतो. पोटाला, पाठीला गुदगुल्या केल्या की रॅट चिवचिवायचे, उड्या मारायचे, आणि हात बाजूला घेतला की त्या हाताच्याच मागे पळायचे. स्पर्शाच्या केंद्रातल्या पेशी तेव्हा जोरात बोलत होत्या. मग त्याच रॅटला उंच फळीवर, लख्ख उजेडात ठेवलं आणि तशाच गुदगुल्या केल्या. चिवचिवाट गेला, आणि पेशींचा प्रतिसादही दबला. बोटं तीच, कातडी तीच. जीव घाबरलेला असेल तर स्पर्शाचं केंद्रसुद्धा निराळं वागतं, दादा.

त्याच गटाने २०१९ मध्ये रॅटना चक्क लपाछपी शिकवली. ३० चौरस मीटरची खोली, त्यात खोकी आणि आडोसे. खाण्याचं बक्षीस अजिबात नाही. सापडल्यावर थोड्या गुदगुल्या, थोडी मस्ती, एवढंच. रॅट आपल्यावर राज्य आहे की आपण लपायचंय हे ओळखायचे. लपताना पारदर्शक खोकं सोडून अपारदर्शक खोकं निवडायचे आणि आवाज न करता बसायचे. त्यांतल्या काहींच्या मेंदूत तारा होत्या, आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी खेळाच्या टप्प्यांप्रमाणे बदलताना दिसल्या. ज्या प्राण्याला खेळायची इच्छा नाही त्याच्यावर हा प्रयोग कुठल्याही यंत्राने करता आला नसता. तुमच्याकडे आधी खोंडाची मर्जी आणि मग औत. आमच्याकडे त्याची मर्जी हेच यंत्राचं पहिलं बटण आहे, असं मी मुलांना सांगते.

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. तुमचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये आणि प्राणी पळतोय, चावतोय. नॉइजमधून तो बाहेर कसा काढता?
— भोसरी

उत्तर : तुमच्यासारख्या यंत्रातल्या माणसाचं पत्र आलं की मला फार बरं वाटतं, कारण माझे निम्मे दिवस याच भांडणात जातात. पेशीची एक ठिणगी, आम्ही तिला स्पाइक म्हणतो, साधारण एक मिलिसेकंद टिकते आणि तारेपर्यंत पोचताना ५० ते ५०० मायक्रोव्होल्टची असते. १०० मायक्रोव्होल्ट म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा पंधरा हजारावा भाग. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोकसुद्धा याच्यापुढे दांडगा.

पहिला उपाय, अ‍ॅम्प्लिफायर रॅटच्या डोक्यावरच बसवायचा, म्हणजे अशक्त सिग्नलला लांब वायरमधून जावं लागत नाही. दुसरा, वजाबाकी. मेंदूतल्या एखाद्या शांत जागी ठेवलेली तार संदर्भ म्हणून घ्यायची आणि तिचं व्होल्टेज बाकीच्यांतून वजा करायचं. रॅट चुरमुरा चावतो तेव्हा जबड्याच्या स्नायूंची वीज सगळ्या तारांवर जवळपास सारखी येते, ती या वजाबाकीत बरीचशी उडते. मग ३०० ते ६००० हर्ट्‌झचा फिल्टर, सेकंदाला ३०,००० नमुने. आणि सर्वांत सुंदर युक्ती म्हणजे टेट्रोड : केसाहूनही कितीतरी बारीक अशा चार तारा एकत्र पिळलेल्या. एकच पेशी त्या चार टोकांना कमी-जास्त ऐकू येते, म्हणून चारही आकडे मिळून त्या पेशीची ओळख पटते. भजनात डोळे मिटून बसलं तरी टाळ कुठे आणि पखवाज कुठे ते कळतं, तसंच. १९९३ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी टेट्रोड वापरून शंभराच्या घरात पेशी एकाच वेळी ऐकल्या, तेव्हा लोक थक्क झाले होते.

आता त्याच्या पुढचं साधन आहे न्यूरोपिक्सेल्स, २०१७ पासूनचं. १० मिलिमीटर लांबीची सिलिकॉनची काडी, रुंदी ७० मायक्रॉन, जाडी २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यावर संकेत टिपणाऱ्या ९६० जागा, त्यांतल्या ३८४ एका वेळी वाचता येतात. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

पण नॉइजची खरी कहाणी नेहमी साध्याच जागी संपते. एकदा अकरा दिवस आमच्या सिग्नलवर ५० हर्ट्‌झची घरगुती विजेची गुणगुण होती. बाहेरची वीज अडवणारा जाळीचा पिंजरा तपासला, दिवे काढले, एसी बंद करून घामाघूम होऊन बसलो. शेवटी सापडलं काय, तर अर्थच्या स्क्रूला जोडलेल्या वायरचं ड्राय सोल्डर. वरून चकचकीत आणि आतून सुटलेलं. तेव्हापासून प्रत्येक जोड मी स्वतः ओढून पाहते.

प्रश्न : एम.एस्सी. प्राणिशास्त्र करते आहे. या क्षेत्रात यायचं तर आत्तापासून काय शिकू?
— अमरावती

उत्तर : सोल्डरिंग, पायथन आणि संख्याशास्त्र. तिन्ही घरबसल्या सुरू होतं. डीपलॅबकट हे २०१८ मध्ये आलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हिडिओतल्या प्राण्याचं नाक, कान, पंजे प्रत्येक चौकटीत कुठे आहेत ते ते शोधून देतं. तुझ्या अंगणातल्या खारीचा किंवा चिमणीचा व्हिडिओ घे आणि त्यावर हात बसव. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या गटाने २०२५ मध्ये १२ प्रयोगशाळांत मिळून १३९ माऊसच्या मेंदूतल्या सहा लाखांहून जास्त पेशींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या सर्वांना खुल्या आहेत, म्हणजे रॅट न पाळताही तू खऱ्या स्पाइक हाताळू शकतेस. संशोधन संस्था पाहायच्या तर पुण्यात आयसर, बंगळुरूला एनसीबीएस आणि आयआयएससी, मानेसरला एनबीआरसी. उन्हाळी इंटर्नशिपसाठी लिहिताना ‘मेंदूची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस. त्या प्राध्यापकांचा एक शोधनिबंध वाचून त्यातला तुला न कळलेला मुद्दा विचार. मला अशी पत्रं फार कमी येतात, आणि जी येतात त्यांना मी उत्तर देतेच.

प्रश्न : ताई, उंदराच्या मेंदूत तार घालता तर त्याला दुखत नाही का? आणि प्रयोग संपल्यावर त्याचं काय होतं? तुम्ही त्यांना नावं देता का?
— इयत्ता नववी, नाशिक

उत्तर : तुझं पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं आणि सगळ्यांत शेवटी लिहायला घेतलं, कारण तुला खरं तेच सांगायचं आहे.

मेंदूच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. तिथे वेदनेचे तंतूच नाहीत. म्हणूनच माणसांच्या मेंदूच्या काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत करतात. पण डोक्यावरच्या कातडीला, हाडावरच्या पापुद्र्याला आणि मेंदूच्या आवरणाला दुखतं, चांगलंच दुखतं. त्यामुळे तार बसवण्याची सर्जरी पूर्ण भूल देऊनच होते. रॅट नाकावरच्या छोट्या मास्कमधून भुलीचा वायू घेतो. खाली ऊबदार गादी असते, कारण भुलीत अंग थंड पडतं. डोळ्यांत मलम घालतो, कारण पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळं सुकतात. दर थोड्या वेळाने मी त्याच्या पायाचं बोट चिमटीत दाबून बघते. पाय जरासाही आखडला तर हात थांबवायचा आणि भूल वाढवायची. कवटीवर हाडांच्या शिवणी जिथे एकमेकींना छेदतात ती जागा आमचा मैलाचा दगड. तिथून अंतर मोजून दोन मिलिमीटरचं भोक. मग बारीक स्क्रू, आणि सगळं घट्ट बसवायला दातांचे डॉक्टर वापरतात ते सिमेंट. पुढचे दिवस वेदनाशामक औषध. रोज सकाळी मी नाक आणि डोळे बघते : रॅटला त्रास होत असेल तर तिथे लालसर डाग दिसतो. तो दिसला की त्या दिवशी पशुवैद्य, बाकी काही नाही.

त्यानंतर तारा मेंदूत खाली सरकवायच्या, तेही एका दिवसात नाही. स्क्रू आठवा भाग फिरवला की तार साधारण ४० मायक्रॉन उतरते. हिप्पोकॅम्पस दोन मिलिमीटर खाली आहे, तिथवर पोचायला मला दोन आठवडे लागतात. रॅट त्या वेळी टॉवेलवर झोपलेला असतो. मी स्क्रू फिरवते तेव्हा तो बहुधा डोळेही उघडत नाही.

भारतात हे कुणालाही मनाला येईल तसं करता येत नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याखाली केंद्र सरकारची समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेची आपली नीतिसमिती असते. तिच्यात पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी संबंध नसलेली एक व्यक्ती असते. ती व्यक्ती विचारते ते प्रश्न बहुतेक वेळा तुझ्यासारखेच असतात : एवढे रॅट कशाला? कमी नाही चालणार? एका वर्षी मला बाराची मागणी आठवर आणावी लागली, आणि आठांत काम झालं.

आता तुझा दुसरा प्रश्न. प्रयोग संपल्यावर रॅटला पुन्हा भूल देतात, जास्त, आणि तो उठत नाही. मग त्याचा मेंदू काढून कागदाहून पातळ काप घेतात. तार नक्की कुठे पोचली होती ते त्या कापांतल्या बारीकशा रेषेवरूनच कळतं, आणि ते कळल्याशिवाय त्याने चार महिने आपल्याला जे ऐकवलं त्याला अर्थ लागत नाही. हे मला सोपं जात नाही. वीस वर्षांनंतरही त्या दिवशी मी ते काम विद्यार्थ्यावर टाकत नाही, स्वतः करते. तुला हे पटलं नाही तर ते न पटणंही मला मान्य आहे. तू मोठी होऊन अशा समितीवर बसलीस आणि माझ्या मागणीतले आणखी दोन रॅट कमी केलेस, तरी मला आवडेल.

नावं देतो. वहीत नंबर असतो, पण पिंजऱ्याच्या कार्डावर पेन्सिलीने नाव असतं. सध्या राघू आणि मल्हार आहेत. राघू रोज पेटीत धावतो, आणि एका कोपऱ्यात त्याची एक पेशी इतकी स्वच्छ बोलते की शेजारच्या लॅबमधली मुलं ऐकायला येतात. मल्हार गुरुवारी आला. आज मी पिंजऱ्यात हात ठेवून बसले होते तेव्हा तो करंगळीपर्यंत आला, हुंगलं आणि पळाला. उद्या त्याच वेळी पुन्हा जाणार आहे.